डायलिसिसवरील रुग्णांतील कॅल्सीभवन

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या हाडांबाहेरच्या मऊ ऊतकांत कॅल्शियम व फॉस्फेट यांचे क्षार साचण्याची विकृती. त्वचा, सांध्यांभोवतालचा भाग, रक्तवाहिन्या, हृदयाच्या झडपा व डोळे ही साचण्याची नेहमीची ठिकाणे. अशा कॅल्सीभवनाचे वर्णन रूडोल्फ फिरखो या जर्मन शास्त्रज्ञाने १८५५ मध्ये केले.

नावात कॅल्शियम असले तरी मूळ दोष बहुतेक वेळा फॉस्फेटचा असतो, आणि रुग्णांच्या घरी नेमके हेच कोणी नीट समजावलेले नसते. निरोगी मूत्रपिंड जास्तीचे फॉस्फेट लघवीतून बाहेर टाकते. डायलिसिसला ते काम पुरते जमत नाही. रोजच्या जेवणात १००० मिलिग्रॅम फॉस्फरस असेल, तर सुमारे ६०० मिलिग्रॅम रक्तात शोषले जाते, म्हणजे आठवड्याला ४२००. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये साधारण ८०० मिलिग्रॅम निघते. तीन वेळांचे २४००, दोन वेळांचे फक्त १६००. आपल्याकडे खर्चापायी, प्रवासापायी, घरातल्या कमावत्या माणसाची रोजी बुडते म्हणून अनेक जण आठवड्यातून दोनदाच जातात. कोणी ट्रेनची गर्दी टाळण्यासाठी अर्धा तास आधीच मशीनवरून उतरतात. उरलेले फॉस्फेट शरीरातच राहते.

फॉस्फेट वाढले आणि सक्रिय ड जीवनसत्त्व घटले की परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथी चेकाळतात व हाडांतून कॅल्शियम आणि फॉस्फेट दोन्ही ओढून रक्तात आणतात. हाडे दुखू लागतात. मग रुग्ण मेडिकलमधून कॅल्शियमच्या गोळ्या स्वतःहून घेतो आणि साचण्यात भरच पडते. रक्तवाहिन्यांत तर हे नुसते साचणे नसते. फॉस्फेटच्या प्रभावाखाली तिथल्या स्नायूपेशी हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात. परिणामी धमन्या ताठरतात, हृदयावर ताण येतो, फिस्टुला (डायलिसिससाठी हातात धमनी व शीर यांची जोडणी) करणे अवघड होते आणि पुढे प्रत्यारोपणात नवे मूत्रपिंड जोडायला चांगली धमनी सापडणेही कठीण जाते.

लक्षणे ठिकाणानुसार बदलतात : खाज, लाल डोळे, खांदा, कोपर वा खुब्याजवळ वाढत जाणारी कडक गाठ. गाठीत खडूसारखा पांढरा द्रव असू शकतो. ती टोचली वा फोडली तर जखम वाहत राहते व जंतुसंसर्ग होतो. सर्वांत घातक प्रकार कॅल्सिफिलॅक्सिस. ही संज्ञा हान्स सेली यांनी १९६० च्या दशकारंभी प्राण्यांवरील प्रयोगांतून रूढ केली. यात त्वचेच्या बारीक धमन्या बंद होऊन मांडी, पोट वा नितंबावर असह्य दुखणारे जांभळे चट्टे व पुढे काळ्या जखमा होतात. निम्म्याहून अधिक रुग्ण वर्षभरात दगावतात. मधुमेह, स्थूलपणा व वॉरफॅरिन हे औषध यांनी धोका वाढतो.

उपचाराचा भर प्रतिबंधावर असतो. फॉस्फेट बांधणाऱ्या गोळ्यांमध्ये कॅल्शियमयुक्त गोळ्या स्वस्त, तर सेव्हेलॅमर महाग. कॅल्सीभवन सुरू झाले असेल तर कॅल्शियमयुक्त गोळ्या मर्यादित ठेवतात. गोळी जेवणासोबतच घ्यावी लागते. मुंबईत अंधेरी किंवा घाटकोपरला नोकरी करणाऱ्याने ती डब्यातच ठेवावी, रात्री घरी घेतलेली गोळी दुपारच्या जेवणाला उपयोगी पडत नाही. सिनॅकॅल्सेट या औषधाने परावटू ग्रंथी शमतात. तेही पुरले नाही तर त्या शस्त्रक्रियेने काढतात. कॅल्सिफिलॅक्सिसमध्ये सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात, पण त्याचा खात्रीचा पुरावा अजून तोकडा आहे.

पथ्याच्या नावाखाली डाळ-उसळ बंद करून रुग्णाला अशक्त करणे चूक आहे, कारण डायलिसिसवर प्रथिनांची गरज वाढते. डाळींतले फॉस्फरस अर्धेमुर्धेच शोषले जाते. कारखान्यात मिसळलेले फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळे शोषले जाते. म्हणून आधी कात्री लावावी ती कोला, प्रक्रिया केलेले चीज आणि पाकीटबंद मांसपदार्थांना. वेष्टनावर ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२ हे क्रमांक असतील तर त्यात फॉस्फेट आहे. दूध आणि काट्यांसकट खाल्ली जाणारी बारीक सुकी मासळी आहारतज्ज्ञाला विचारून मोजकीच घ्यावी.

यशस्वी प्रत्यारोपणानंतर सांध्यांजवळच्या गाठी पुष्कळदा विरघळतात, धमन्यांतले कॅल्शियम मात्र सहसा जात नाही. म्हणून प्रत्यारोपणाचा विचार लवकर व्हायला हवा. अंधेरीचे कोकिलाबेन, मुलुंडचे फोर्टिस अशा रुग्णालयांत ही सोय आहे. मेंदूमृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फत मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत नाव नोंदवले जाते.

डायलिसिसवरील रुग्णाच्या घरच्यांनी कॅल्शियम, फॉस्फरस व परावटू संप्रेरकाचे आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावेत. त्वचेवर दुखरा जांभळा चट्टा दिसला, तर पुढच्या डायलिसिसच्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.