बैलगाडा शर्यतींचा हंगाम (शिरूर-दौंड परिसर)

पुणे जिल्ह्याच्या उत्तर व पूर्व भागात ग्रामदैवतांच्या यात्रांबरोबर चालणारी गावोगावच्या गाड्यांची स्पर्धा. शिरूर, खेड, आंबेगाव आणि जुन्नर हे तालुके या खेळाचे घर. भीमेपलीकडे दौंडमध्ये घाटातल्या शर्यतींची परंपरा विरळ होत जाते; तिकडच्या यात्रांत कुस्त्यांच्या आखाड्याचे वजन अधिक.

हंगामाचे वेळापत्रक कोणतीही संघटना काढत नाही, ते पंचांगात असते. माघ पौर्णिमेच्या सुमारास यात्रा सुरू होतात, चैत्रात त्यांची गर्दी उसळते आणि पावसाच्या तोंडावर घाट थंडावतात. त्यामुळे गुणतक्ता नाही आणि वर्षअखेरचा एकच विजेताही नाही. प्रत्येक घाटाचा मान त्या दिवसापुरता. मात्र कोणत्या गावात कोणता गाडा किती सेकंदांत आला, याचा हिशेब शौकिनांना तोंडपाठ असतो. खरी क्रमवारी तीच.

घाट म्हणजे चढाची, दोन्ही बाजूंनी प्रेक्षकांनी वेढलेली धावपट्टी. हलक्या गाड्याला दोन बैल आणि त्यांच्यापुढे आणखी दोन. गाड्यावर कोणी बसत नाही. गाड्याची एक धाव म्हणजे बारी. काही बाऱ्यांपुढे घोडीस्वार धावतो. गाडे एकेकटे सुटतात, म्हणजे झुंज शेजारच्या गाड्याशी नसून घड्याळाशी असते. चांगली बारी अकरा-बारा सेकंदांत आटोपते. त्या अवधीत समालोचकाची ‘भिर्रर्र’ आणि उडणारे भंडार यांपलीकडे नवख्याला फारसे काही उमगत नाही. एकाच सेकंदाच्या टप्प्यात आलेले गाडे एका क्रमांकात धरले जातात व बक्षीस वाटून घेतात. दिवसातला सर्वांत वेगवान गाडा ‘घाटाचा राजा’. सातारा भागातली रीत निराळी: तेथे गाडीवान बसलेल्या अनेक गाड्या शेजारशेजारच्या चाकोऱ्यांतून पळतात आणि गट, सेमीफायनल, फायनल असे टप्पे असतात.

क्लबची जागा येथे गाडा घेतो. तो बहुधा भाऊबंदांच्या किंवा मित्रांच्या भागीदारीत असतो. नाव ग्रामदैवताचे, त्यापुढे ‘प्रसन्न’. बैल मुख्यत्वे खिलार जातीचे. त्यांची खुराकाची व सरावाची बडदास्त वर्षभर चालते, बक्षिसातून तो खर्च निघेलच असे नाही. मोठ्या घाटांवर दुचाकी, ट्रॅक्टर अशी बक्षिसे लागू लागल्यावर चढाओढ वाढली, आणि बैलांच्या किमतीही.

या खेळाला कित्येक वर्षे हंगामच नव्हता. केंद्र सरकारने 11 जुलै 2011 च्या अधिसूचनेने प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलांचा समावेश केला. सर्वोच्च न्यायालयाच्या 7 मे 2014 च्या निकालाने शर्यतींवर बंदी पक्की झाली. महाराष्ट्राने 2017 मध्ये प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा दुरुस्त केला, पण मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये परवानग्या रोखल्या. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त मोकळीक दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि बैलांची पशुवैद्यकीय तपासणी लागते. बैलांना क्रूरतेने वागवल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्राणिप्रेमी संघटनांचा विरोध संपलेला नाही, आणि चाबूक-काठीविषयीचे त्यांचे आक्षेप निराधारही नव्हते.

बंदीच्या काळात प्रश्न थेट राजकारणात शिरला. शिरूर लोकसभा मतदारसंघात माजी खासदार शिवाजीराव आढळराव पाटील आणि 2019 मध्ये त्यांना हरवणारे अमोल कोल्हे या दोघांनीही शर्यती सुरू करण्याचे श्रेय आपल्याकडे ओढले. 16 फेब्रुवारी 2022 रोजी, माघ पौर्णिमेला, खेड तालुक्यातील निमगाव दावडीच्या खंडोबाच्या घाटात कोल्हे स्वतः बारीपुढे घोडीवर बसले.