पग की पोमेरियन? पिल्लू आणण्याआधी आपलं घर बघा

बेळगाव : मुलांच्या परीक्षा संपल्या की अनेक घरांत एकच हट्ट सुरू होतो, कुत्रा पाहिजे. फ्लॅट लहान असला की निवड बहुतेक वेळा दोन जातींवर येऊन थांबते : चपट्या नाकाचा पग, नाहीतर पांढराशुभ्र पोमेरियन. दोन्ही लहान, दोन्ही लळा लावणारे. पण स्वभाव, आजार आणि रोजची कामं यात मोठा फरक आहे. पिल्लाचा चेहरा बघून निर्णय घेतला, तर पुढची बारा-चौदा वर्षं त्रास त्या मुक्या जनावराला होतो.

आधी ओळख

पग मूळचा चीनचा. वजन साधारण ६ ते ८ किलो. २००३ मध्ये हच मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलाच्या मागे-मागे फिरणारा पग देशभर गाजला आणि तिथून त्याची मागणी वाढली.

आपल्याकडे ‘पोमेरियन’ म्हणून जो कुत्रा विकला जातो, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. खरा पोमेरेनियन जेमतेम २ ते ३ किलोचा. स्पिट्झ त्याहून मोठा, टोकदार तोंडाचा. ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) मधला टफी आठवा, तो स्पिट्झच.

ऊन आणि पाऊस

कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. पगचं नाक आखूड, नाकपुड्या अरुंद, त्यामुळे हेच काम त्याला नीट जमत नाही. त्याचं घोरणं लोकांना गंमत वाटते, पण ती अनेकदा श्वासाची अडचण असते. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात खरं, पण एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या किंवा थेट स्लॅबखालच्या खोलीत दुपारी काय होतं, हे इथं राहणाऱ्यांना सांगायला नको. अशा खोलीत किंवा बंद गाडीत पगला उष्माघात होऊन जीवही जाऊ शकतो. जोरात धापा, लाळ, तोल जाणं दिसलं तर सावलीत आणा, अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच डॉक्टरकडे न्या.

स्पिट्झ उन्हाळा त्यामानाने बरा सोसतो. मात्र त्याचे केस दुहेरी थराचे असतात. उकडतंय म्हणून ते मुळापासून कापू नका, त्यामुळे उन्हापासूनचं संरक्षण जातं. पावसाळ्यात हेच केस ओले राहिले तर बुरशी आणि वास येतो. भिजला की नीट पुसून कोरडा करा. गोचीड केसांत लपतात, म्हणून रोज हात फिरवून बघा.

शेजारी आणि आवाज

इथं पग सरस. तो कमी भुंकतो, पाहुण्यांशी लगेच जमवून घेतो. स्पिट्झ सावध. बेल वाजली, जिन्यात पाऊल वाजलं की भुंकणारच. स्वतंत्र घराला ही राखण वाटते, अपार्टमेंटमध्ये त्यावरून भांडणं होतात. लहानपणापासून शिकवलं तर फरक पडतो, पण पूर्ण गप्प बसेल अशी आशा ठेवू नका.

रोजचं काम, कायमचा खर्च

पिल्लाची किंमत एकदाच मोजायची असते. खाणं, लस, जंतांचं औषध आणि डॉक्टर हा चालू खर्च. तोच हिशेब आधी मांडा. पगच्या चेहऱ्यावरच्या घड्या रोज पुसून कोरड्या ठेवाव्या लागतात. डोळे बाहेर आलेले असल्याने जखमा लवकर होतात. तो खादाड, वजन वाढलं की श्वास आणखी अडतो. केस आखूड असले तरी भरपूर गळतात. स्पिट्झला आठवड्यातून दोन-तीनदा ब्रश आणि दातांची काळजी लागते. एकूण डॉक्टरचा खर्च पगचा जास्त धरावा.

घेताना काय बघाल?

* २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. विक्रेत्याची नोंदणी आहे का, विचारा.
* पिल्लाची आई दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर परत फिरा.
* पगच्या नाकपुड्या मोकळ्या आहेत का, शांत बसल्यावर श्वासाचा आवाज येतो का, ते तपासा.
* पार्व्हो, डिस्टेंपर आणि रेबीजच्या लसींचं वेळापत्रक डॉक्टरकडून लिहून घ्या.

मग कोणता?

घरात दिवसभर कुणीतरी असेल, खोली गार असेल आणि औषधपाण्याची तयारी असेल, तर पग. अंगण किंवा गच्ची असेल, भुंकणं चालत असेल आणि केस विंचरायला वेळ असेल, तर स्पिट्झ. दोघांतला एकच निवडायचा तर आपल्या हवेला स्पिट्झ जास्त मानवतो. सगळेच सकाळी बाहेर पडून संध्याकाळी परतणारे असाल, तर सध्या दोन्ही नकोत. आणि जातीचा आग्रह नसेल, तर गल्लीतलं गावठी पिल्लूही तेवढाच जीव लावतं, शिवाय इथलं ऊन-पाऊस त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं.