बेटम्याचा ताम्रपट आणि रमाबाईंचे बायबल

इंदूरहून धारकडे जाणाऱ्या रस्त्यावर बेटमा नावाचे गाव आहे. वकिलीच्या कामानिमित्त इंदुरास जाणे झाले तेव्हा वाट वाकडी करून आम्ही ते पाहून आलो. कोकणच्या माणसाचे तेथे काय काम, असे कोणी विचारील. काम होते ते एका जुन्या दस्तऐवजाचे. परमार राजा भोज याचा एक ताम्रपट या गावी सापडला. विक्रम संवत १०७६, म्हणजे इ. स. १०२० मधील हे दानपत्र असून, कोकण हस्तगत केल्याच्या विजयपर्वानिमित्त भोजाने नालतडाग नावाचे गाव एका ब्राह्मणास दिल्याचे त्यात नमूद आहे. आमच्या कोकणचे नाव माळव्याच्या तांब्यावर यावे आणि ते जिंकलेल्या मुलखाच्या नात्याने यावे, याची गंमत वाटते, तशी थोडी बोचही लागते.

याच गावी शिखांचा गुरुद्वारा आहे. गुरू नानकदेव येथे आले आणि त्यांच्या कृपेने येथील बावडीचे खारे पाणी गोड झाले, अशी तेथील भाविकांची श्रद्धा आहे. आत उच्चासनावर ग्रंथसाहेब विराजमान असतात. १७०८ साली नांदेडला, म्हणजे आजच्या महाराष्ट्रातच, गुरू गोविंदसिंगांनी आपल्यामागे ग्रंथ हाच गुरू असे ठरवून दिले, तेव्हापासून ती आज्ञा अखंड चालू आहे.

दोन्ही गोष्टी एकाच गावात पाहिल्यावर वकिलाच्या मनात जो प्रश्न यावयाचा तो आला. भोजाचा लेख तांब्यावर कोरलेला, त्याच्यामागे राजसत्ता उभी. परंतु ती सत्ता गेली आणि लेख संशोधकांच्या अभ्यासापुरता उरला. ग्रंथसाहेबांच्या मागे सैन्य असो वा नसो, त्यांच्यापुढे मस्तक लवतेच. मग लेखाला बळ येते कोठून? लिहविणाऱ्याच्या तरवारीतून, की वाचणाऱ्याच्या अंतःकरणातून?

ख्रिस्ती धर्मात हा प्रश्न फार मोठ्या वादाचा झाला. सोळाव्या शतकात युरोपात त्या धर्मात जी फूट पडली ती बऱ्याच अंशी याच मुद्द्यावर : चर्चचा शब्द अखेरचा मानावयाचा, की बायबलचा? त्याच शतकात तो धर्म पोर्तुगीज सत्तेबरोबर आमच्या दारी आला. त्या काळाची आठवण या मासिकाच्या वाचकांना आम्ही करून द्यावी असे नाही. साष्टीतील देवळे १५६७ साली पाडली गेली. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आणि शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास गेली. ज्यांना घरदार सोडून मूर्तीच तेवढ्या उराशी धरून नदी ओलांडावी लागली, त्या आमच्या पूर्वजांचा देवावरील भरवसा कोणत्याही ग्रंथात लिहिलेला नाही. पण आज चालू असलेली आमची देवळे हीच त्याची साक्ष होय.

तरीही न्याय करावयाचा तर उलट बाजूही नोंदविली पाहिजे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली राशोल येथे छापलेले ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत आहे आणि त्याचे कोकणीतील धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ साली, त्याच्या मृत्यूनंतर, निघाले. ज्या सत्तेने लोकांची देवळे मोडली, तिच्याच छायेत बसून एक पाद्री त्या लोकांच्या भाषेवर प्रेम करीत होता. परंतु दडपणाखाली घेतलेली सही कायद्याने बांधीत नाही, आणि दडपणाखाली स्वीकारलेले वचन धर्मानेही बांधीत नसावे, असे आम्हांस वाटते. म्हणून ख्रिस्ती श्रद्धेचे खरे स्वरूप पाहावयाचे तर जिच्यावर कोणाचेही दडपण नव्हते अशी व्यक्ती शोधली पाहिजे. ती आम्हांस दूर जाऊन शोधावी लागत नाही. ती आमच्या कानडा जिल्ह्याच्या शेजारचीच आहे.

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूर प्रांतातील माळहेरंजीचे चित्पावन विद्वान. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईस संस्कृत शिकविले. स्त्रीस देववाणी शिकविली म्हणून उडुपीच्या पंडितसभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला आणि तो त्यांनी शास्त्राधार काढूनच दिला, असे सांगतात. अरण्यात बिऱ्हाड करून त्यांनी घरीच पाठशाळा चालविली. पुढे द्रव्य संपल्यावर हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडू लागले. रमाबाई आईजवळ शिकल्या आणि लहान वयातच भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत झाले.

अशा घरावर मद्रास इलाख्यातील दुष्काळ कोसळला. होते नव्हते ते देवाब्राह्मणांस देऊन झाले. भीक मागण्याची लाज आणि मजुरीची सवय नाही. अखेर तिरुपतीच्या बाजूच्या रानात अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्याचे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेविले आहे. अंध झालेल्या वृद्ध पित्याने पवित्र जलात देह ठेवण्याचा निश्चय केला; मुलाने मजुरी करण्याची तयारी दाखविली तेव्हा तो बेत राहिला. परंतु १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई गेली, बहीण गेली. रमाबाई आणि बंधू श्रीनिवास हे दोघेच उरले आणि देशभर पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोचले. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीस ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

येथे आमच्या वाचकांनी थोडे थांबावे, कारण पुढील सर्व इतिहासाचे मूळ येथे आहे. पंडितांनी बाईंना पडदानशीन स्त्रियांपुढे शास्त्रोक्त स्त्रीधर्मावर व्याख्याने देण्यास सांगितले, म्हणून त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचावयास घेतले. अनेक बाबतींत ते ग्रंथ परस्परविरोधी. पण स्त्रीची आणि शूद्राची योग्यता कमी लेखण्यात मात्र त्यांचे एकमत, असे त्यांना आढळले. केशवचंद्र सेन यांनी वेद वाचले आहेत काय, असे विचारले असता, स्त्रीला तो अधिकार नाही, असे या पंडितेने उत्तर दिले. तेव्हा सेन यांनीच तिच्या हाती वेदाची प्रत ठेविली. भागवत मुखोद्गत असलेल्या मुलीला श्रुती उघडण्याची परवानगी तिच्या स्वतःच्या धर्मसभेने कधी दिली नाही. आमच्या मते हीच ती फिर्याद, आणि तिचे उत्तर आम्ही अद्याप पुरतेपणी दिलेले नाही.

बंधू वारल्यावर १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. मागे मनोरमा ही तान्ही मुलगी राहिली. सिल्चर येथे पतीच्या पुस्तकसंग्रहात लूककृत शुभवर्तमानाचे बंगाली पुस्तक त्यांना सापडले होते. पुढे त्या पुण्यास आल्या, १८८३ साली इंग्लंडला गेल्या, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

पण गंमत अशी की, तेथील धर्मभगिनींशीही बाईंचा वाद जुंपला. चर्चची मते निमूटपणे मान्य करावी अशी भगिनींची अपेक्षा. बाईंचे म्हणणे असे की, आपण येशूचे वचन मानले आहे, मध्यस्थांचे नव्हे. जे बायबलात आम्हांस दिसेल ते मानू, जे दिसणार नाही ते कोणी सांगितले म्हणून मानणार नाही. हा बाणा त्यांना युरोपने शिकविला काय? आम्हांस तसे वाटत नाही. उडुपीच्या सभेपुढे ग्रंथ उघडून पंक्ती दाखविणाऱ्या अनंतशास्त्र्यांचीच ही मुलगी.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन निघाले आणि पुढील वर्षी पुण्यास आले. मुलींच्या धर्मात हात घालणार नाही, असे बाईंचे आश्वासन होते. मात्र त्यांच्या स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली आत येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून वादळ उठले, ‘केसरी’ने कडक टीका केली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. वकील म्हणून आम्ही म्हणू की, पालकांची तक्रार निराधार नव्हती. अज्ञान मुलीच्या बाबतीत उघडे दार हेही एक आमंत्रणच होय. परंतु ज्या विधवांना आपल्या घरांनी कोनाडा दिला होता, त्यांना पुस्तक कोणी दिले, हा उलटतपासणीतील प्रश्नही टळत नाही. त्याच वर्षी सदनातील विद्यार्थिनी गोदूबाईंशी अण्णासाहेब कर्वे यांनी पुनर्विवाह केला आणि १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. उत्तर आपल्याकडूनही आले. पण प्रश्न आधी बाईंनी विचारला होता.

१८९६–९७ च्या दुष्काळात बाई मध्यप्रांतात गेल्या आणि शेकडो निराश्रित मुली बरोबर घेऊन केडगावास आल्या. तिरुपतीच्या रानातील आपले दिवस त्यांना त्या मुलींच्या चेहऱ्यांत दिसले. १८९८ साली अमेरिकेतील मदतीची दहा वर्षांची मुदत संपली. पुढच्याच वर्षी पुन्हा दुष्काळ पडला आणि मुक्तिसदनातील माणसे सुमारे दोन हजारांवर गेली. देव देईल, या भरवशावर बाईंनी दार बंद केले नाही. त्याचबरोबर विहिरी खणविल्या, शेती केली, विणकाम आणि छपाई शिकविली. ज्या घरात हातांना कामाची सवय नव्हती म्हणून उपासमार झाली, त्या घरची ही लेक देवावर भरवसा ठेवताना हात कामाला लावण्यास विसरली नाही. संकटातील ईश्वरनिष्ठा म्हणजे हातावर हात ठेवणे नव्हे, हे यावरून कळते.

अखेरचे कार्य ग्रंथाचे. मराठीत बायबल पूर्वीच झाले होते, पण ते खेड्यातील बाईस कळत नाही म्हणून त्यांनी स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध भाषांतर हाती घेतले. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडितेने त्यातून अवघड संस्कृत शब्द वेचून दूर केले. अक्षरजुळणीचे काम दुष्काळातून आलेल्या मुलींनी केले. १९२१ च्या जुलैत एकुलती एक मनोरमा वारली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी बाईंनी देह ठेविला तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

बाईंनी हिंदुधर्मावर जी कठोर टीका केली ती आम्हांस सर्वस्वी मान्य नाही. पण त्यांना ‘गेलेली’ म्हणून खात्यातून वजा करणेही आम्हांस मान्य नाही. भोजाच्या लेखामागे विजय होता, राशोलच्या छापखान्यामागे साम्राज्य होते; केडगावच्या ग्रंथामागे उपाशी मुलींचे हात आणि एका बाईचा भरवसा होता. बेटम्यात पडलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस तेथे मिळाले. आमच्या देवळांत पुराण आजही चालते. ते ऐकणाऱ्या मुलीने उद्या उठून मूळ ग्रंथ मागितला, तर तो तिच्या हाती आम्ही आपण होऊन ठेवू काय? नदी ओलांडून आलेल्या देवापुढे याचा जबाब आपण प्रत्येकाने द्यावयाचा आहे.