बेळगावचे सायकलचे दुकान

धंद्यात यश कशाने येते, असा प्रश्न निघाला की आपल्याकडे बहुधा तीन उत्तरे मिळतात. कोणी म्हणतो नशीब, कोणी म्हणतो भांडवल. आणि तिसरा निराशेने सांगतो की, व्यापार हा आपल्या लोकांचा पिंडच नव्हे. या उत्तरांत थोडेबहुत तथ्य असेलही. परंतु ती एकदा इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहिली पाहिजेत. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. बेळगावात निघालेल्या एका सायकलच्या दुकानाची हकीकत या कामी पुरेशी आहे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. संगीत नाटकाचे आद्य प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचेही जन्मगाव हेच. चित्रकलेच्या ओढीने लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण आपल्याला काही रंगांमधील भेद नीट कळत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. रंगांची वाट बंद झाली, तेव्हा त्यांनी रेषेची वाट धरली आणि यंत्रांची रेखाटने शिकून मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत ते शिक्षक झाले. १८८८ साली वडील बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी बेळगावात सायकलींचा व्यवहार सुरू केला. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकल पाठवावी, रामूअण्णांनी ती बेळगावात विकावी, अशी ही व्यवस्था होती. सायकल चालविण्यास शिकविण्याचे पंधरा रुपये वेगळे घेत, असे सांगतात.

वरवर पाहता ही गोष्ट साधी आहे; पण यशाचे पुष्कळसे मर्म तिच्यातच दडलेले आहे. नवी वस्तू कोठे आली आहे, ती कशी चालते आणि मोडल्यास कशी दुरुस्त होते, हे मुंबईतला भाऊ जाणत होता. तिचे गिऱ्हाईक कोण, हे बेळगावातला भाऊ जाणत होता. दोघांमध्ये कागदी कराराची गरज नव्हती, कारण घरचा विश्वास होता. आणि माल विकला की संबंध संपला, असे त्यांनी मानले नाही. जो वस्तू वापरावयास शिकवितो, त्याच्याच दुकानी गिऱ्हाईक दुरुस्तीला परत येते. वस्तूबरोबर विद्याही देणे, हे या दुकानाचे खरे भांडवल होय.

गावाचा वाटाही विसरता कामा नये. बेळगाव हे जिल्ह्याचे ठाणे, शिवाय लष्करी छावणीचे शहर. तेथे पगारदार अधिकारी होते, वकील होते, सधन जमीनदार होते. खाली घाट उतरला की गोमंतक, आणि पुणे-मिरज-लोंढा हा लोहमार्गही एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच बेळगावहून जाऊ लागला होता. दुकानदार कितीही हुशार असला तरी रस्ता आणि बाजारपेठ यांवाचून त्याची हुशारी कोपऱ्यात पडून राहते.

पुढे मुंबईच्या नोकरीत बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी ती सोडली व ते बेळगावास आले. सायकलींवर न थांबता त्यांनी आसपासच्या शेतकऱ्याची अडचण पाहिली. कडबा अख्खा टाकला की गुरे तो तुडवून वाया घालवितात, म्हणून कडबा कापण्याचे यंत्र त्यांनी तयार केले. मागोमाग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर आला. पण नांगराला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने भूमी विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांत रूढ होती. पहिले मोजके नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

येथे शेतकऱ्याला अडाणी म्हणून हसणे सोपे आहे. पण ते न्यायाचे नाही. ज्याचे वर्षाचे अन्न एका पावसावर अवलंबून, तो आपल्या एकुलत्या एक शेतावर परक्याचा प्रयोग सहजी होऊ देत नाही. ती भूमी त्याची आई आहे. अशा माणसाचे मन जाहिरातीने वळत नाही. शेजाऱ्याच्या शेतात नांगर चाललेला आणि त्या रानात पीक डोललेले पाहिल्यावरच ते वळते. म्हणून दोन वर्षे कळ सोसण्याची ताकद, हीदेखील भांडवलात मोजली पाहिजे. जो उद्योजक पहिल्याच हंगामात नफा मागतो, त्याला नांगर विकता येत नाही.

नांगराचा जम बसू लागला आणि निराळेच संकट उभे राहिले. शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती, आणि किर्लोस्करांना बेळगाव सोडावे लागले. हा दोष ना बुद्धीचा, ना श्रमांचा. धंदा कितीही सचोटीचा असो, त्याच्या पायाखालची जमीन दुसऱ्याच्या हाती असते, हे या प्रसंगाने दाखविले. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस आले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ बत्तीस एकर जागा आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. ही जागाही त्याच लोहमार्गावर होती. बेळगाव सुटले तरी बाजारपेठांकडे जाणारी वाट सुटली नाही.

वाडीत जी माणसे जमली, त्यांपैकी पुष्कळांकडे मोठ्या पदव्या नव्हत्या. मंगेशराव रेगे, शंभोराव जांभेकर, अनंतराव फळणीकर ही नावे त्या आरंभकाळाशी जोडलेली आहेत. तुरुंगवास भोगून आलेल्यांनाही तेथे रखवालीचे काम मिळाले, आणि वाडीत अस्पृश्यतेला थारा देण्यात आला नाही. हा निव्वळ उदारपणा नव्हता. माणसाची पारख जातीवरून वा पूर्वायुष्यावरून केली, तर निम्मे कसब दारातूनच परत जाते, हे लक्ष्मणरावांनी ओळखले होते.

१९२० साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी झाली, म्हणजे घरच्या विश्वासाला बाहेरच्या भागधारकांचा विश्वास येऊन मिळाला. त्याच वर्षी पुतणे शं. वा. किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याच्या मालाची माहिती देणाऱ्या त्या पत्रातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक वाढले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे त्याला आली. गिऱ्हाइकाला वाचक मानणारे दुकानदार विरळाच. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने टपाल तिकीट काढले. बेळगावात त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

आता आरंभीच्या तीन उत्तरांकडे वळू. नशीब होते, पण ते कधी बढती नाकारून आले, तर कधी जागा हिरावून. भांडवल होते, पण ते मागाहून आले. आधी ज्ञान आणि पत आली. राहिला पिंडाचा प्रश्न. तो ज्या कुटुंबाने खोटा ठरविला, ते आपल्याच सीमाभागातील होते.

मात्र यातून ‘कष्ट करा, यश येईल’ एवढाच बोध घेतला, तर तो अपुरा होईल. औंधच्या पंतांनी हात दिला नसता, तर बेळगावचा तो कारखाना कदाचित तेथेच मिटला असता. आपल्या देवळांभोवतीच्या पेठांत आजही फुले, उदबत्त्या, समया, पुस्तके विकणारी लहान दुकाने आहेत. त्यांनी माल चोख ठेवावा, हिशेब स्वच्छ ठेवावा, गिऱ्हाइकाला चार गोष्टी शिकवाव्यात, हे त्यांच्या हाती आहे. परंतु त्यांची जागा टिकेल की नाही, रस्ता रुंद करताना त्यांना पर्यायी गाळा मिळेल की नाही, हे नगरपालिकेच्या आणि देवस्थानाच्या विश्वस्तांच्या हाती आहे. आणि रोजची खरेदी कोठे करावी, हे तुमच्याआमच्या हाती आहे. दुकानदाराची परीक्षा आपण रोज घेतो. एखादा निर्णय त्याच्या पायाखालची जमीन काढून घेणारा असेल, तर त्याला बत्तीस एकर नव्हे, निदान एक ओटा देण्याचे औदार्य आपल्या गावात आहे काय, ही परीक्षा गावाची आहे.