ब्राँझची लघुप्राणिशिल्पे
घरातील टेबल, कपाट किंवा भिंतीतील शेकोटीवरची फळी यांवर ठेवण्यासाठी घडविलेली पशुपक्ष्यांची लहान ब्राँझशिल्पे. प्रबोधनकालीन इटलीत हा प्रकार विशेष रूढ झाला. पॅड्युआच्या कर्मशाळांतून बेडूक, खेकडे इत्यादींच्या आकारांच्या दौती व दिवे तयार होत. तर फ्लॉरेन्समध्ये जाम्बोलोन्या (१५२९–१६०८) याने घोडा व बैल यांची डौलदार लघुशिल्पे घडविली. तथापि ती विद्वानांच्या अभ्यासिकांत व राजघराण्यांच्या संग्रहांतच राहिली. मध्यमवर्गीयांच्या घरांत या शिल्पांचा व्यापक प्रसार झाला, तो एकोणिसाव्या शतकातील फ्रान्समध्ये.

या प्रसाराचा अध्वर्यू आंत्वान-ल्वी बारी (१७९५–१८७५) हा पॅरिसच्या एका सोनाराचा मुलगा. उमेदीची अनेक वर्षे त्याने सोनाराच्या कर्मशाळेत लहान प्राण्यांचे नमुने घडविण्यात घालविली. पॅरिसच्या वनस्पतिउद्यानातील प्राणिसंग्रहालयात तो चित्रकार दलाक्र्वा याच्यासह जिवंत प्राण्यांची रेखाटने करी. तसेच मेलेल्या प्राण्यांचे विच्छेदन करून हाडे व स्नायू यांची मापे टिपून ठेवी. ‘सालाँ’ या अधिकृत कलाप्रदर्शनात १८३१ साली मांडलेल्या ‘सुसरीला फाडणारा वाघ’ व १८३३ सालच्या ‘सर्पाला चिरडणारा सिंह’ या शिल्पांनी त्याला कीर्ती मिळवून दिली.

तथापि तत्कालीन कलाशास्त्रात मानवी आकृतीला श्रेष्ठ व प्राण्याला गौण स्थान होते. राजपुत्र ऑर्लेआँचा ड्यूक याने १८३४ मध्ये बारीकडून भोजनाच्या मेजावर मांडण्यासाठी नऊ शिल्पसमूह करवून घेतले. त्यांत हत्तीवरून वाघाची शिकार करणाऱ्या भारतीय शिकाऱ्यांचाही एक समूह होता. १८३७ च्या सालाँच्या निवडसमितीने ही शिल्पे नाकारली. ती शिल्पकलेत न मोडता सोनारकामात मोडतात, असा आक्षेप घेण्यात आला. त्यानंतर बारीने अनेक वर्षे सालाँकडे पाठ फिरविली. प्राणिशिल्पकारांना उद्देशून वापरण्यात येणारा ‘आनिमालिये’ हा शब्दही आरंभी उपहासवाचक होता. पुढे तेच या संप्रदायाचे नाव झाले.

प्रदर्शनाचे दार बंद झाल्यामुळे बारी स्वतःच ओतारी व विक्रेता बनला. त्याने ओतशाळा काढली व किंमतींसह सूचिपत्रे प्रसिद्ध केली. आधी ब्राँझचाच एक आदर्श नमुना तयार करून त्यावरून वाळूच्या साच्यांत प्रती ओतल्या जात. भाग वेगवेगळे ओतून जोडणे, छिन्नीने कंगोरे साफ करणे आणि उष्णता व रासायनिक द्रव्ये यांच्या साहाय्याने पृष्ठभागावर हिरवट वा तपकिरी छटा आणणे, अशी पुढील कामे होती. प्रतीचा दर्जा मुख्यतः त्यांवरच अवलंबून असे. आशील कोला याने शोधलेल्या यंत्रामुळे मोठ्या शिल्पाची प्रमाणबद्ध लघुप्रत काढणे शक्य झाले. फेर्दिनां बार्बदिएन याने कोलाबरोबर १८३८ मध्ये भागीदारी करून त्याचा व्यापारी उपयोग केला.

बारी धंद्यात मात्र अयशस्वी ठरला. कर्जापायी १८४८ मध्ये त्याचे दिवाळे निघाले आणि स्वतःच्या नमुन्यांवरील ताबा त्याला अनेक वर्षे गमवावा लागला. सन्मान उशिरा आले : १८५४ मध्ये तो नैसर्गिक इतिहास संग्रहालयात प्राणिरेखनाचा प्राध्यापक झाला. तेथे तरुण रॉदँ त्याचा विद्यार्थी होता. १८६८ मध्ये ललित कला अकादमीवर त्याची निवड झाली.

त्याच्या समकालीनांत प्येर-झ्यूल मेन (१८१०–७९) याची कुत्रे व घोडे यांची शिल्पे अतिशय लोकप्रिय झाली. बारीच्या शिल्पांत झुंज व हिंस्र आवेग, तर मेनच्या शिल्पांत पाळीव प्राण्यांची निकटता प्रत्ययास येते. एमान्युएल फ्रेमिए, इझिदोर बोनर व त्याची बहीण चित्रकर्ती रोझा बोनर यांनीही या प्रकारात महत्त्वाची कामगिरी केली. रेम्ब्रांट बुगाटी (१८८४–१९१६) हा या परंपरेतील अखेरचा मोठा शिल्पकार. अँटवर्पच्या प्राणिसंग्रहालयात प्राण्यांसमोर बसून तो थेट नमुने घडवी. एब्रारच्या ओतशाळेत मेण वितळवून काढण्याच्या पद्धतीने ते ओतले जात. त्यामुळे त्याच्या बोटांचे ठसेही ब्राँझमध्ये उमटलेले दिसतात.

बारीच्या निधनानंतर त्याचे बरेच नमुने बार्बदिएनने विकत घेतले व त्यांच्या प्रती पुढेही ओतल्या जात राहिल्या. त्यामुळे एकाच शिल्पाच्या कलावंताच्या देखरेखीखालील व मरणोत्तर अशा दोन्ही प्रकारच्या प्रती आढळतात. त्या ओळखण्यासाठी सही व शिक्का पुरेसा नसतो. लव, स्नायू व नखे यांवरील छिन्नीकामाची सफाई आणि पृष्ठभागाची छटा तपासावी लागते. ज्या सोनारकामाच्या सबबीवरून ही शिल्पे एकेकाळी नाकारली गेली, तेच हस्तकौशल्य आज त्यांच्या अस्सलपणाची एक प्रमुख कसोटी ठरले आहे. बारीच्या शिल्पांचे मोठे संग्रह पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात व अमेरिकेत बॉल्टिमोरच्या वॉल्टर्स कलासंग्रहालयात आहेत.