पोफळीचे पाणी, दाभोळची खाडी

समुद्राशी नाते जडायला समुद्रकाठीच जन्मावे लागते असे नाही. पेनसिल्व्हेनियात नदीकाठी वाढलेल्या सागरी जीवशास्त्रज्ञ रेचेल कार्सन यांनी समुद्र प्रथम पाहिला तो १९२९ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी. पुढे त्यांनी त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या पोफळीचेही नाते असेच दूरचे. कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाणारे कोयनेचे बरेचसे पाणी १९६२ पासून येथील भूमिगत वीजगृहातून वाशिष्ठीकडे वळले आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळू लागले. खाडीतल्या कालवांचे, तिसऱ्यांचे जगणे गोड्या-खाऱ्या पाण्याच्या तोलावर अवलंबून असते. भर उन्हाळ्यातही येणारे हे गोडे पाणी तो तोल बदलते. कोयनेचा इतिहास आपण मेगावॉटमध्ये लिहितो. खाडीचा खारेपणा हेही त्याचेच एक पान आहे.