परिचारिकेचे स्थलांतर : फ्रीगंजच्या निमित्ताने

उज्जयिनीचे रेल्वेस्थानक ही त्या नगरीच्या दोन कालखंडांमधील सीमारेषाच होय. पश्चिमेस क्षिप्रेकडे उतरत गेलेले, महाकालाच्या आश्रयाने वसलेले जुने शहर; पूर्वेस, रुळांपलीकडे, सरळ रस्त्यांचे फ्रीगंज. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या नावाने या भागास माधवनगर असेही म्हणतात. येथे उभे राहिले की मराठी माणूस माळव्यात कशासाठी आला, हा प्रश्न आम्हांस सहजच सुचतो.

त्याचे एक जुने उत्तर कोकणाकडे बोट दाखविते. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी अठराव्या शतकात महाकालाचे मंदिर पुन्हा उभारले. शिलेदार, कारकून, भिक्षुक असे अनेक जण त्या काळात येथे आले. १८१० साली शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरीस गेली, तरी मराठी घरे माळव्यात टिकून राहिली. या साऱ्या स्थलांतरात स्त्री आली ती बहुधा कोणाची पत्नी, माता किंवा सून म्हणून.

स्वतःच्या विद्येवर परगाव निवडण्याची वाट तिला ज्या थोड्या व्यवसायांनी दाखविली, त्यांत शिक्षिकेच्या जोडीस परिचारिकेचा व्यवसाय येतो. मुंबईस १८८६ साली कामा रुग्णालय उघडले. पुण्यास १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन निघाले आणि तेथील विद्यार्थिनी ससून रुग्णालयात शुश्रूषेचे शिक्षण घेऊ लागल्या. ज्या विधवेस घरातला कोपरा नेमून दिलेला असे, तिच्या हाती प्रशस्तिपत्र आले.

परंतु त्या कागदासही वेस होती. परिचारिकांची नोंदणी प्रांतवार असे. मुंबई इलाख्याचा कायदा १९३५ चा, आणि उज्जैन तर ग्वाल्हेर संस्थानात. देशभर शिक्षणाचा एकसारखा दर्जा ठरविण्यासाठी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ साली झाला. त्यानंतरही १९४८ साली मध्यभारत आणि १९५६ साली मध्यप्रदेश, अशी उज्जैनची राज्ये पालटली. म्हणजे फ्रीगंजात राहणाऱ्या बाईने बिऱ्हाड न हलविताही तीन राजवटी पाहिल्या! राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद करणारा नवा कायदा तर थेट २०२३ सालचा.

अनुभवी परिचारिका गाव निवडते तेव्हा केवळ पगार पाहत नाही. रात्रपाळीहून परतताना वाट निर्भय आहे काय, एकट्या बाईस खोली मिळेल काय, जुन्या नोकरीची वर्षे नव्या जागी मोजली जातील काय, आणि माळवीत कण्हणारी बाळंतीण आपणांस कळेल काय, हे तिचे प्रश्न असतात. सिंहस्थात लक्षावधी यात्रेकरू क्षिप्रेवर लोटतात, तेव्हा अशा अनुभवाचे मोल अवघ्या नगरीस कळते.

मंदिर बांधणाऱ्या दिवाणाचे नाव इतिहासाने जपले, ते योग्यच झाले. ज्यांच्या हातांवर या वस्तीतील पिढ्या जन्मल्या, त्या बायांची नावे मात्र आपण टिपून ठेवली नाहीत. घरोघरीच्या वृद्धांस ती अद्याप आठवत असतील, तोवरच विचारून घ्यावीत.